उणे कोणाच्या वहीत?

बालभारतीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात चौथा धडा उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या हिशोबाचा आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकातही चौथाच धडा उष्मागतिकीचा. पहिल्यात लिहिलंय, अंतर्गत ऊर्जेतला (वायूत साठलेल्या ऊर्जेतला) बदल म्हणजे उष्णता उणे कार्य. दुसऱ्यात लिहिलंय, उष्णता अधिक कार्य. मंडळ तेच, मुलं तीच आणि वायूही तोच. सांगलीत विश्रामबागेतल्या क्लासला सकाळी सातला एक सूत्र घोकायचं आणि नऊला दुसरं. पुढे एमएचटी-सीईटीत या दोन विषयांचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे चिन्हांची अदलाबदल दोन प्रश्नांमधल्या मिनिटभरात उरकायची.

घोळ कसा होतो ते आकड्यांतच पाहू. सिलिंडरमधल्या वायूला ४०० ज्यूल उष्णता दिली. बाहेरचा दाब १ बार, म्हणजे १ लाख पास्कल, आणि तो कायम. वायूचं आकारमान १ लिटरचं ३.५ लिटर झालं. दट्ट्या रेटताना वायूने केलेलं कार्य १ लाख गुणिले ०.००२५ घनमीटर, म्हणजे २५० ज्यूल. भौतिकशास्त्राच्या वहीत ४०० उणे २५०, उत्तर १५०. रसायनाच्या वहीत कार्य उणे २५० धरून ते मिळवायचं, उत्तर तेच १५०. आणि जो विद्यार्थी दोन्ही तासांना मन लावून बसलेला असतो, तो रसायनाचं उणे २५० उचलून भौतिकशास्त्राच्या सूत्रात घालतो. उणे-उणे अधिक होतं आणि उत्तर येतं ६५०. मिळाले ४०० आणि शिलकीत भर ६५० ची, हे कसं, असं विचारायला त्याला सवड नसते. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक चांगली माहीत असते, त्यामुळे पर्यायांत ६५० सापडण्याची शक्यताही दाट.

यावर सहज सुचणारा उपाय एकच: मंडळाने एक चिन्हपद्धत ठरवून टाकावी. ऐकायला सरळ आहे. माझ्या मते त्याने दुखणं जाणार नाही, दोन वर्षं पुढे ढकललं जाईल. दुखण्याचं मूळ वेगळं आहे. हिशोब कोणाचा चाललाय हे न लिहिताच उत्तर काढण्याची मुभा आपण मुलांना दिली आहे, आणि प्रश्न काढणाऱ्यांनी ती स्वतःलाही घेतली आहे.

आधी एक बाब मोकळी करून टाकू, कारण ती वर्गातही क्वचितच नीट सांगितली जाते. उष्णतेच्या चिन्हावरून या दोन पुस्तकांत भांडण नाहीच. प्रणालीत, म्हणजे ज्याचा हिशोब चाललाय त्या वस्तूत, उष्णता आली तर अधिक, प्रणालीतून गेली तर उणे, हे दोन्हीकडे सारखं. फरक फक्त कार्यात आहे. भौतिकशास्त्र वायूने केलेलं कार्य मोजतं, रसायनशास्त्र वायूवर केलेलं. 'ने' आणि 'वर', एवढाच सगळा फरक. मराठीत हे दोन प्रत्यय इतके ठसठशीत आहेत की कान असलेल्याची चूक होऊ नये. पण अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू होतं, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या नजरेतून तिथली इवलीशी शब्दयोगी अव्ययं निसटतात. त्याच्या हाती राहतं कार्याचं नुसतं अक्षर, 'डब्ल्यू'.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा शेतकऱ्याची रक्कम अडत्याच्या खतावणीत शेतकऱ्याच्या नावावर जमा पडते. शेतकऱ्याच्या स्वतःच्या डायरीत तीच रक्कम अडत्याकडून येणं म्हणून असते. दुकानदाराने बँकेत हजार रुपये भरले की पासबुकात ते जमा दिसतात, आणि त्याच्या दुकानाच्या खतावणीत बँकेच्या खात्याला नावे लिहिले जातात. रक्कम एक, वह्या दोन, आणि दोन्ही बरोबर. जमा हा शब्द नोटेवर छापलेला नसतो, तो वहीत असतो. उष्णतेचं तेच आहे. तिच्या अंगावर अधिक-उणे काही नाही.

ही उपमा आणखी थोडी ताणली तरी तुटत नाही. अंतर्गत ऊर्जा म्हणजे शिल्लक. उष्णता आणि कार्य या नोंदी. शिलकीत फरक पडतो, नोंदीत 'फरक' पडत नाही, नोंद होते. म्हणून उष्णतेच्या अक्षराआधी डेल्टा लावण्याची जी सवय बऱ्याच पुस्तकांना आहे ती मला खटकते. त्या एका त्रिकोणामुळे वस्तूत 'उष्णता भरलेली' असते आणि ती कमी-जास्त होते, असं चित्र मनात बसतं. ते चित्र बसलं की चिन्ह वस्तूच्या गरमपणाला चिकटतं: गरम झालं म्हणजे अधिक, गार झालं म्हणजे उणे.

ही समजूत तासगावच्या द्राक्षबागेत दहा मिनिटांत मोडता येते. ठिबकसाठी खताच्या टाकीत १०० लिटर पाण्यात १० किलो युरिया विरघळवला तर टाकी बाहेरून हाताला गार लागते. युरिया विरघळताना मोलमागे (मोल हे पदार्थ मोजायचं रसायनातलं एकक) सुमारे १५ किलोज्यूल उष्णता घेतो. १० किलोत साधारण १६७ मोल, म्हणजे २,५०० किलोज्यूल, आणि तेवढ्यात टाकीचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरतं. शेजारी बोर्डो मिश्रणाची, म्हणजे बुरशीनाशकाची, तयारी चाललेली असते. १ टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटरमागे १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. चुना वेगळ्या भांड्यात भिजवतात आणि तो फसफसून तापतो. इथे मोलमागे सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. १ किलो शुद्ध चुन्यात १८ च्या आसपास मोल असतात, म्हणजे जवळपास १,१५० किलोज्यूल. १० लिटर पाण्यात भिजवला तर तापमान २५ अंशांहून जास्तीने चढतं. (प्लॅस्टिकच्या पातळ बादलीत आणि थोडक्या पाण्यात हा उद्योग करू नये. ठिकठिकाणी पाणी उकळून चुना अंगावर उडतो, आणि डोळ्यात गेला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.)

आता चिन्ह लावा. गार झालेल्या टाकीतल्या प्रक्रियेचं चिन्ह अधिक, तापलेल्या भांड्यातल्या प्रक्रियेचं उणे. वर्गातली निम्मी बोटं उलटी वर जातात. याचं कारण पुस्तकात असतं, पण एका वाक्यात उरकलेलं: प्रक्रियेची उष्णता मोजताना आधीचं आणि नंतरचं तापमान एकच धरतात. युरियाची टाकी संध्याकाळपर्यंत परत हवेच्या तापमानाला येते. मधल्या वेळात तिने हवेतून जी उष्णता घेतली, ती म्हणजे ते अधिक २,५०० किलोज्यूल. चुन्याचं भांडं निवेपर्यंत त्याने बाहेर दिलेली उष्णता म्हणजे ते उणे १,१५०. दहावीच्या मराठी पुस्तकातले 'उष्माग्राही' आणि 'उष्मादायी' हे शब्द हेच सांगत असतात. ग्राही म्हणजे घेणारी, दायी म्हणजे देणारी, कोण तर अभिक्रिया. कर्ता शब्दातच आहे. अकरावीत हे शब्द सुटतात, त्यांच्या जागी इंग्रजी नावं येतात आणि कर्ता हरवतो.

दहावीच्याच पुस्तकात या गोंधळाचं बीजही आहे. उष्णता विनिमयाचं तत्त्व तिथे असं येतं: उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजे थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता. या समीकरणात चिन्हं नाहीत. दोन्ही बाजूंना नुसती परिमाणं आहेत, दिशा शब्दांत सांगितली आहे, आणि त्या इयत्तेला ते योग्यच आहे. पण बारावीत तापमानातला बदल 'अंतिम उणे आरंभिक' असा काढायला शिकवतात, आणि विद्यार्थी तो जुन्या समीकरणात जसाच्या तसा बसवतो. मग डावीकडे उणे, उजवीकडे अधिक, आणि दोन्ही वस्तूंच्या मधलं कुठलंच तापमान उत्तरात बसत नाही. चिन्हांच्या जगात ते समीकरण 'दोन्ही उष्णतांची बेरीज शून्य' असं लिहावं लागतं. हा बदल झाला, आता यापुढे चिन्हं बोलतील, असं कोणत्या तासाला सांगायचं ते कुठल्याच नियोजनात लिहिलेलं नसतं. सगळे गृहीत धरतात की आधीच्या वर्गात झालं असेल.

आता प्रयोगशाळेत चला, कारण खरी गंमत तिथे आहे. उदासिनीकरणाचा प्रयोग. थर्माकोलच्या कपात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली आणि तेवढंच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. तापमान साधारण ६.७ अंशांनी चढतं. १०० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ६.७, म्हणजे २.८ किलोज्यूल. अभिक्रिया ०.०५ मोलची, म्हणून मोलमागे ५६. पुस्तकातला आकडा ५७ च्या जवळचा, उरलेलं कप आणि हवा घेऊन जातात. पण लिहायचं काय, अधिक की उणे? अभिक्रियेची वही उघडली तर उणे २.८. पाण्याची उघडली तर अधिक २.८. आणि कपातल्या सगळ्या द्रावणालाच प्रणाली धरलं आणि कप चांगला उष्णतारोधक असला, तर बाहेरून काही आलंही नाही, गेलंही नाही. उष्णता शून्य! एक कप, एक तापमापक, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. यात अभिक्रिया आणि पाणी यांच्यामधली सीमा कपात कुठे बोट ठेवून दाखवताही येत नाही. आयनं त्याच पाण्यात आहेत. ती सीमा आपण हिशोबापुरती मनात आखलेली असते. मग जर्नलमध्ये नुसतं 'उष्णता = ५६' लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आणि 'उणे' विसरला म्हणून दुसऱ्याचा अर्धा गुण कापायचा, याला अर्थ काय? दोघांनीही वही कोणाची ते लिहिलेलं नाही.

एकच पद्धत करा म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ती बाजू पोकळ नाही. 'उष्णता अधिक कार्य' या मांडणीत एक देखणेपणा आहे: आत येणारं ते सगळं जमा, मग ते उष्णतेच्या रूपाने येवो की कार्याच्या. रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना हीच पद्धत सुचवते. माक्स प्लांक भौतिकशास्त्रज्ञ असूनही असंच लिहीत असे, तेव्हा हा भौतिक विरुद्ध रसायन असा जुना वादही नाही. मंडळाला बदलायचं म्हटलं तर एका पुस्तकातला एक धडा बदलावा लागेल, फार खर्च नाही.

पण तो विद्यार्थी पुढे सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेला गेला की रूढ पुस्तकांत पुन्हा 'उष्णता उणे कार्य' समोर येणार. तिथे ते बदलणार नाही, आणि बदलू नये. ती मांडणी इंजिनातून आली आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियसने १८५० मध्ये उष्मागतिकीचा पहिला नियम लिहिला तेव्हा डोळ्यांसमोर वाफेचं यंत्र होतं: उष्णता घालायची आणि कार्य काढून घ्यायचं. जे विकायचं ते अधिक. सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यात टर्बाइनने दिलेली वीज उणे लिहायला सांगून पाहा, मुकादमही हसेल. बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, उष्मांक मूल्यसुद्धा तसंच. ज्वलनात उष्णता बाहेर पडते, रसायनाच्या नियमाने चिन्ह उणे, पण इंधनाच्या खरेदीत तो आकडा नेहमी अधिकच लिहितात. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही कोणाच्या बाजूने मोजतोय हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून बिघडत काही नाही.

जिथे ठाऊक नसतं तिथे मात्र पैशात बिघडतं. द्राक्षाच्या प्रीकूलिंगचा, म्हणजे साठवणीआधी माल झटपट थंड करण्याचा, हिशोब घ्या. १० टन द्राक्षं २८ अंशांवरून २ अंशांवर आणायची, ८ तासांत. द्राक्षाची विशिष्ट उष्माधारकता किलोला ३.६ किलोज्यूलच्या आसपास. १०,००० गुणिले ३.६ गुणिले २६, म्हणजे ९,३६,००० किलोज्यूल. ८ तासांनी भागलं की ३२.५ किलोवॉट, शीतकरणाच्या भाषेत सव्वानऊ टन. द्राक्षांच्या वहीत हे उणे ३२.५. बाष्पीभवनाच्या कॉइलमधल्या शीतकाच्या वहीत अधिक ३२.५. कार्यगुणांक (काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेलं कार्य) ३ धरला तर कॉम्प्रेसर शीतकावर १०.८ किलोवॉट कार्य करतो. चक्र पूर्ण होऊन शीतक मूळ स्थितीला आलं, शिल्लक बदलली नाही. मग उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरमधून जायला हवेत ४३.३. यंत्रवाल्याच्या सूत्रात निव्वळ उष्णता ३२.५ उणे ४३.३, म्हणजे उणे १०.८, आणि शीतकाने केलेलं कार्यही उणे १०.८, वजाबाकी शून्य. रसायनवाल्याच्या सूत्रात उष्णता उणे १०.८, शीतकावर केलेलं कार्य अधिक १०.८, बेरीज शून्य. दोन्ही वह्या जुळल्या.

चुकतं कुठे? यंत्रवाल्याच्या सूत्रात शीतकाने केलेलं कार्य उणे असतं, ते घाईत अधिक धरलं जातं. मग ३२.५ मध्ये १०.८ मिळवायच्या ऐवजी त्यातून वजा होतात आणि कंडेन्सरचा भार २१.७ निघतो, गरजेच्या निम्मा. एवढी ढोबळ चूक कागदावरच पकडली जाते. जास्त वेळा होते ती मधली चूक: कार्याची नोंदच विसरून कंडेन्सर ३२.५ चा बसवला जातो. जानेवारीत तो कसाबसा चालतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात कंडेन्सरमधला दाब चढत जातो, जादा दाबाला यंत्र थांबवणारा हाय प्रेशर कटआउट पडतो, आणि दुपारी तीनला कॉम्प्रेसर बंद होतो, नेमका माल भरलेला असताना.

प्रीकूलिंगच्या खोलीतल्या पंख्यांचंही असंच. २ किलोवॉटचे पंखे थंड हवा फिरवतात म्हणून ते थंड करण्याच्या बाजूला आहेत असं वाटतं. मोटरसकट खोलीला प्रणाली धरली तर ती २ किलोवॉट वीज खोलीत शिरलेलं कार्य आहे आणि शेवटी तिची सगळी उष्णता होते. म्हणजे भारात २ किलोवॉटची भर. मोटर भिंतीबाहेर असेल तर तिचा तोटा बाहेर राहतो आणि पात्याने हवेला दिलेलं तेवढंच आत येतं. सीमा हातभर सरकली की नोंद बदलते.

आणि एक तिसरंच उणे आहे, ज्याचा या जमाखर्चाशी संबंधही नाही. उष्णतावहनाच्या फूरिएच्या नियमात सुरुवातीलाच उणे असतं. ते एवढंच सांगतं की उष्णता उतरत्या तापमानाच्या दिशेने वाहते. शीतगृहाची १०० मिलिमीटर जाडीची पफ पॅनेलची (उष्णतारोधक फोमची) भिंत घ्या, वाहकता मीटर-अंशाला ०.०२३ वॉट. आत ०, बाहेर सांगलीचा उन्हाळा, ३८. अंतर आतून बाहेर मोजायला घेतलं तर तापमान मीटरमागे ३८० अंशांनी चढतं, आणि सूत्राने उत्तर येतं उणे ८.७ वॉट प्रति चौरस मीटर. इथे उणे म्हणजे 'उलट दिशेने', अर्थात बाहेरून आत. खोलीच्या वहीत तीच उष्णता अधिक ८.७. विद्यार्थी उणे पाहून 'उष्णता गेली' असं लिहितो आणि भिंतीतून येणारी गळती थंडाव्याच्या खात्यात घालतो. एक उणे दिशेचं, एक खात्याचं, आणि तिसरं बीजगणितात बाजू बदलताना आलेलं. तिन्ही दिसायला एकच आडवी रेघ. त्यांना वेगळं ओळखायला शिकवण्यापेक्षा 'विस्तार झाला की उणे, दाबलं की अधिक' असा तक्ता पाठ करून घेणं सोपं पडतं. क्लासच्या भिंतीवर तो लावलेलाही दिसतो. तक्त्यातला कर्ता गाळलेला असतो, ही त्याची खोट.

म्हणून मागणी वेगळी करायला हवी, आणि ती पुस्तकाच्या आधी प्रश्नपत्रिकेकडे करायला हवी. बोर्डाच्या किंवा सीईटीच्या उष्मागतिकीच्या कोणत्याही उदाहरणात नुसतं 'कार्य काढा' असं छापू नये. 'वायूने केलेलं कार्य' किंवा 'वायूवर केलेलं कार्य' असं लिहावं. सीईटीत पायऱ्यांना गुण नाहीत, तेव्हा तिथे तर शब्दांवाचून दुसरा आधारच नाही. ज्या प्रश्नात चिन्हपद्धत गृहीत धरल्याशिवाय पर्याय निवडता येत नाही, तो प्रश्न सदोष मानून रद्द करावा. एका शब्दाने टाळता येणारी संदिग्धता तशीच ठेवणं ही काठिण्यपातळी होत नाही.

बोर्डाच्या तीन गुणांच्या उदाहरणात अर्धा गुण प्रणालीच्या चौकटीला द्यावा: एक चौकोन, आत नाव, आणि उष्णता व कार्य यांचे दोन बाण. चौकोन काढायला वीस सेकंद लागतात. बाण आत असेल तर वायूची शिल्लक वाढणार, बाहेर असेल तर घटणार, हे सूत्र विसरलं तरी दिसतं. वरच्या सिलिंडरच्या उदाहरणात ४०० चा बाण आत आणि २५० चा बाहेर काढलेल्या मुलाच्या हातून ६५० लिहिलं जाणार नाही.

याला आक्षेप येईल की पेपर तपासणाऱ्यावर ओझं वाढेल. वाढेल, थोडं. पण आज एका उणेवरून गुण द्यायचा की नाही याची जी घासाघीस नियामकांच्या बैठकीत होते, तिच्यापेक्षा चौकट तपासणं सोपं आहे.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या हातात तर आजच करता येईल असं एक काम आहे, त्याला मंडळाचं परिपत्रक लागत नाही. भौतिक आणि रसायनाच्या शिक्षकांनी चौथा धडा सुरू होण्याआधी एक तास एकत्र घ्यावा. फळ्याच्या मधोमध रेघ मारावी. एकच सिलिंडर, तेच ४०० आणि २५०. एकाने डावीकडे सोडवावं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि मुलांना मधली १५० जुळताना पाहू द्यावी. वेळापत्रकात दोघांचे तास शेजारी नसतात, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एक प्रॅक्टिकलची बॅच पुढे ढकलावी लागेल.

प्रयोगवहीत निरीक्षणांच्या कोष्टकाला आणखी एक रकाना हवा, 'प्रणाली'. उदासिनीकरणाच्या प्रयोगात तिथे 'अभिक्रिया' लिहिलं की उणे २.८, 'पाणी' लिहिलं की अधिक २.८, 'कपातलं सगळं' लिहिलं की शून्य. तपासणाऱ्याने त्या रकान्याकडे आधी पाहावं, मग चिन्हाकडे.